वरच्या मजल्याचं मीटर

कल्पिताचा सगळ्यात जास्त विश्वास कुणावर असेल, तर तो वरच्या मजल्याच्या मीटरवर. नवऱ्यावर नाही. कृणाल बोट घेऊन निघताना ‘परवा येतो’ म्हणतो, आणि त्याचा परवा कधी उजाडेल ते समुद्रालाच माहीत. सासूवर तर नाहीच. सरूबाई सकाळी गुडघे धरून कण्हतात आणि दुपारी टोपली घेऊन बाजारात हजर. मीटर मात्र खोटं बोलत नाही, हे कल्पिताचं वर्सोव्याच्या अख्ख्या गल्लीला ऐकवून झालं होतं.

तिलाही फार दोष देता येत नाही. घरावर एक मजला चढवून तो पाहुण्यांना चार-चार दिवस भाड्याने द्यायचा, ही कल्पना तिचीच. बाल्कनीत उभं राहिलं की खाडीत नांगरलेल्या बोटी दिसतात आणि त्यांच्यापलीकडे मढचा किनारा. लोकांना ते आवडायचं. पण लोक म्हणजे लोकच. एका जोडप्याने एसी लावून खिडक्या सताड उघड्या टाकल्या होत्या, का तर लाटांचा आवाज ऐकायचा होता. एका टोळक्याने ओल्या जीन्स वाळवायला एसी आणि पंखे सगळं चालू ठेवून जुहूला भेळ खायला प्रयाण केलं. बिल आलं की भाड्यातलं काही हाती उरायचं नाही, आणि कल्पिताच्या डोक्याची वाफ व्हायची.

मग कृणालने कुणाच्यातरी लोणावळ्याच्या बंगल्यात पाहिलेलं प्रीपेड मीटर बसवलं. पाहुण्यांना भाड्यातच ठरावीक वीज मिळायची. ती संपत आली की त्यांनी फोनवरून रिचार्ज करायचा. नाही केला तर वरचा मजला बंद. शिल्लक किती आणि खर्च किती, ते कल्पिताच्या फोनवरही दिसायचं. मासे साफ करताना हात धुऊन धुऊन ती ते बघायची. इतर बायका मालिका बघतात, ही मीटर बघायची.

मीटर बसवलं ते ऐन पावसाळ्यात, मासेमारीच्या बंदीत. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, पुरुष जाळी विणत बसलेले, घरात सगळ्यांना वेळच वेळ. वायरमन जयवंतने शिडीवरून विचारलं होतं, “वहिनी, जिन्याची लाइन वरच्या मीटरला जोडू की खालच्या?”

“जिना चढतं कोण? पाहुणेच ना? मग जिन्याचं सगळं वर टाक.”

जयवंतने टाकलं. जिन्याखाली सरूबाईंचा मोठा फ्रीजर उभा होता. बंदीत तो रिकामाच असतो. प्लग काढलेला, वास जावा म्हणून झाकणात लाकडाचा तुकडा अडकवलेला, आणि वर रिकाम्या टोपल्यांचा ढीग. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

नारळी पुनवेला समुद्राला नारळ देऊन बोटी गेल्या, आणि ज्या दिवशी कृणालची बोट भरून परत आली, नेमके त्याच दिवशी चारकोपहून चंद्रप्रकाशकाका आणि नलिनीकाकू राहायला आले.

मुंबईतल्या मुंबईत, चारकोपहून वर्सोव्याला कोण मुक्कामाला येतं? कल्पिताला आधी हसूच आलं. पण ती दोघं अशी आली होती जणू काश्मीरला निघाली आहेत. काकांच्या डोक्यावर नवी टोपी. काकूंच्या हातात पिशवी, पिशवीत गावची सोलं, घरचं मीठ-मसाल्याचं डबडं आणि एक तवा.

“तवा कशाला आणलात काकू? वर सगळं आहे.”

“दुसऱ्याच्या तव्यावर माझी भाकरी बसत नाही गं,” काकू म्हणाल्या. “आणि तुमच्याकडे ताजी सुरमई मिळेल ना? मीच करणार. बाहेरचं आम्हाला नको.”

त्यांच्या मुलीने, श्रुतिकाने, हे बुकिंग केलं होतं. काकांचे वडील कणकवलीकडून येऊन गिरणीत लागले. काकांनी स्वतः कुरिअरच्या गोदामात जन्म काढला. फिरायला जाणं म्हणजे गावी जाणं, एवढंच दोघांना माहीत होतं. काकू सामान लावायला आत गेल्या तसे काका जिन्यात थांबले आणि हळूच म्हणाले, “हिला जरा विसरायला होतंय हल्ली. भाजीत मीठ दोनदा पडतं. कधी शेजारणीचं नाव आठवत नाही. डॉक्टरांना दाखवायचंय पुढच्या आठवड्यात. म्हटलं, त्याआधी समुद्र बघू दे निवांत. तुम्ही जरा सांभाळून घ्या.”

“बिनधास्त राहा काका,” कल्पिता म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं होतं, हे इथे सांगायला हवं.

खाली तोवर सरूबाईंच्या अंगात वारं शिरलं होतं. हंगामातलं पहिलं म्हावरं घरात आलं होतं. बाजारात जाईल ते जाईल, उरलेली सुरमई आणि पापलेटं पुढच्या चार दिवसांच्या विक्रीला ठेवायची. त्यांनी टोपल्या खाली उतरवल्या, फ्रीजर पुसला, जिन्याखालच्या नेहमीच्या बटणाशेजारच्या सॉकेटमध्ये प्लग लावला आणि तो काठोकाठ भरला. जुना फ्रीजर घरघरायला लागला तसं त्यांनी त्याच्या झाकणावर थाप मारली. “चला, घर चालू झाला,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका-काकू किनाऱ्यावर गेले. कल्पिताने त्यांना जाताना पाहिलं, काकांनी काकूंचा हात धरलेला. तिला बरं वाटलं. मग सवयीने तिने फोन काढला आणि तिचा चेहरा उतरला. वर माणूस नाही, आणि मीटर पळत होतं. तास गेला, दोन तास गेले, पळतच होतं.

दोघं परत आली ती वाळूने भरलेल्या पायांनी, हसत. काकूंच्या ओंजळीत शिंपले होते. कल्पिता जिन्याच्या पायथ्याशीच उभी होती.

“काका, वर कुणी नसताना एसी कुणासाठी?”

“एसी?” काका गोंधळले. “आम्ही तर लावतच नाही. हिला सर्दी होते.”

“मीटर चालू आहे. मी खोटं बोलेन, मीटर बोलणार नाही.” मग तिला काकांचे कालचे शब्द आठवले, आणि आपण किती समजूतदार आहोत असं वाटून तिने आवाज खाली आणला. “जाऊ दे. काकू विसरल्या असतील.”

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “मी बंद केलं होतं,” त्या म्हणाल्या. “पंखाही बंद केला होता. हात लावून बघितलं होतं.”

“नलू,” काका म्हणाले, “परत बघून येऊ, चल.”

वर जाऊन बघितलं तर सगळं बंदच होतं. पण काकांनी खाली येऊन सांगितलं ते वेगळंच. “हिने आता गेल्या गेल्या बंद केलं असेल. मी मागे होतो. सॉरी हां.” कल्पिताने मान डोलावली. तिला काकांची कीव आली. तिचं तिलाच आवडेल अशी कीव.

त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर पहारा सुरू झाला. काकू खोलीतून बाहेर पडताना प्रत्येक बटणाला बोट लावायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, “बंद. बंद. बंद.” खालपर्यंत ऐकू यायचं. सरूबाईंनी विचारलं, “वर ती काय जप करते?” कल्पिता म्हणाली, “विसरतात बिचाऱ्या.”

तरी मीटर थांबेना. काकांनी एकदा रिचार्ज केला. फोन त्यांच्या हातात नीट राहत नव्हता, कल्पितानेच कुठे दाबायचं ते दाखवलं. दुपारी ती साफ केलेली सुरमई द्यायला वर गेली तर खोलीत उकाडा मावत नव्हता. पंखा बंद, दिवा बंद, छोटा फ्रीजसुद्धा बंद, आणि दुधाची पिशवी पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली. काका वर्तमानपत्राने वारा घेत होते. अर्धा वारा स्वतःला, अर्धा काकूंना.

आता कुणालाही कळलं असतं. डोळ्यांसमोर सगळं बंद होतं, आणि हातातल्या फोनवर आकडा उतरत होता. पण कल्पिताने डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, मीटरवर ठेवला. मी खाली गेले की लावत असतील, असं तिने ठरवलं. एवढंच नाही, आता कशी ताळ्यावर आली, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी श्रुतिका भेटायला आली. ऑफिसातून सुट्टी काढून, आईसाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन. काकूंनी भाकऱ्या आणि सुरमईचं तिखलं केलं होतं. कल्पितालाही बोलावलं. तिखलं असं झालं होतं की सरूबाईंनी खाली बसून बोटं चाटली. मीठ एकदाच पडलं होतं, अगदी बरोबर. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी काय, त्या दिवशी सगळ्यांना एकच गोष्ट दिसत होती.

कारण जेवणं संपत आली तसा कल्पिताने विषय काढला. मुलगी समोर आहे, एकदा कानावर घातलेलं बरं, असा तिचा हिशेब. “श्रुतिका, वाईट वाटून घेऊ नकोस. पण आईकडे लक्ष द्यायला हवं तुम्ही. इथे एसी राहिला, ठीक आहे. उद्या घरी गॅस राहिला तर?”

श्रुतिकाचा हात ताटातच थांबला. “आई?”

“मी नाही ठेवला,” काकू म्हणाल्या.

“अगो, किती वेळा सांगू तुका!” काका एकदम ओरडले. एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला होता. “भायर पडताना नीट बघ म्हणून! मीटर काय खोटा बोलता?”

काकू गजऱ्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली, कल्पिताकडे बघितलं आणि शहाण्या मुलीसारखं म्हणाल्या, “हो. आठवलं मला. मीच ठेवला होता. रिमोट उशीखाली होता. मी दाबला आणि तशीच निघाले. चुकलं माझं.”

“असू दे काकू, होतं असं,” कल्पिता म्हणाली आणि तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. समोरच्याने कबूल केल्यावर तिचा राग कधीच टिकत नसे.

ठरलेला मुक्काम अजून बाकी होता, पण श्रुतिका रात्री तिथेच राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाली. काकूंनी जाण्याआधी खोली झाडून पुसून घेतली. पिशवीतली सगळी सोलं कल्पिताच्या हातात दिली. “तुला त्रास झाला गं आमचा,” त्या म्हणाल्या. तवा मात्र वरच राहिला. कल्पिताने तो पाहिला आणि मनात म्हणाली, बघा, हेही विसरल्या.

मीटरमध्ये थोडीच शिल्लक होती. दुपारी ती संपली. कल्पिताच्या फोनवर तसा निरोप आला, तिने तो बोटाने बाजूला सारला. वर कुणी नाही, मग कशाला बघायचं? ती कृणालच्या बहिणीकडे बारशाला गेली. सरूबाईही तिच्याबरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी परत आल्या आणि दारातच सरूबाई थबकल्या.

“अगो कल्पिता! यो पानी कशाचा?”

जिन्याखालून पाण्याचा ओघळ थेट उंबऱ्यापर्यंत आला होता. पाणी लालसर होतं. वास तर विचारू नका. सरूबाईंनी फ्रीजरचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. “मावरा नासला! सगला नासला!”

“लाइट गेली असेल,” कल्पिता म्हणाली. पण घरातला पंखा लावताच फिरला. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. तिने फ्रीजरचं बटण खाली-वर केलं. काही नाही. जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं. तोही लागला नाही.

जिन्यातला दिवा लागला नाही तेव्हा ती तशीच उभी राहिली, बोट बटणावर. जिन्याचं सगळं वर टाक. तिचाच आवाज, तिच्याच कानात. दिवा जिन्याचा, तसं जिन्याखालचं बटणही जिन्याचंच.

खात्री करायला तिने फोन काढला आणि वरच्या मीटरचा रिचार्ज केला. कुणाला फोन नाही, काही नाही, आधी स्वतःचा फ्रीजर चालतो का ते बघितलं. हे तिला नंतर आठवलं आणि अजून आठवतं. फ्रीजर घरघरला. आणि वरून, रिकाम्या खोलीतून, काहीच आवाज आला नाही. ना एसीचा, ना पंख्याचा. ती धावत वर गेली. बटणं सगळी बंद होती. एकूण एक. काकू जाताना बोट लावून, मोठ्याने म्हणून बंद करून गेल्या होत्या. एसीचा रिमोट कपाटाच्या वरच्या कप्प्यात होता. कल्पितानेच मागचे पाहुणे गेल्यावर तिथे ठेवलेला, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. काकूंचा हातही तिथे पोचला नसता. मग उशीखाली कुठला रिमोट होता?

ती तिथेच पलंगावर बसली. तिला लाज वाटली. लाज चुकीबद्दल नव्हती, चुका सगळ्यांच्या होतात. लाज होती ती पाठीवरून फिरवलेल्या हाताची.

खाली आली तेव्हा सरूबाई पाणी काढत होत्या. कल्पिताने सांगितलं तसं त्यांनी झाडू टाकला. सरूबाईंना गोड बोलता येत नाही, त्यांनी कधी प्रयत्नही केलेला नाही.

“म्हंजे मावरा आपला, वीज त्यांची,” त्या म्हणाल्या. “तां जाऊ दे. पन त्या बायला तू येडी ठरवलीस. पोरीच्या म्होरं.”

फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. दोनदा नंबर लावून कल्पिताने कापला. सांगू उद्या, असं करत चार दिवस गेले. प्रत्येक दिवशी तिला वाटायचं की आज लाज कालपेक्षा कमी असेल, आणि ती जास्तच असायची. शेवटी तवा पिशवीत घातला, काकांच्या रिचार्जचे पैसे घेतले आणि रिक्षा केली.

चारकोपला सेक्टरमधली ती जुनी बैठी घरं. दार काकांनी उघडलं. घरात फोडणीचा वास नव्हता. टेबलावर बाहेरून आलेला डबा होता. काकू खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. कल्पिताला बघून सावरून बसल्या. “तवा आणलास? बघ हो, मी म्हटलं नव्हतं, तवा कल्पिताकडे राहिला?”

कल्पिताने बसायच्या आधीच सांगून टाकलं. जिना, जयवंत, फ्रीजर, मासे. रिमोट पिशवीत होता, तेही सांगितलं. बोलताना तिने मान वर केली नाही. “काकू, तुम्ही काही चालू ठेवलं नव्हतं. एकदाही नाही. चूक माझी होती. पायाला हात लावू द्या.”

काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “डॉक्टरांना मी एसीचंच सांगितलं. पहिलं तेच सांगितलं. श्रुतिकाने घाबरून सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवलाय. गॅसला हात लावू देत नाही तिला.” ते उठले, कपाटावरून रेग्युलेटर काढला, आत जाऊन सिलिंडरला लावला. बाहेर येऊन काकूंच्या समोर उभे राहिले, अपराध्यासारखे. “नलू, मी ओरडलो तुझ्यावर. तू खरं सांगत होतीस गो. चल, चहा कर. तुझ्या हातचा दे हिला.”

कल्पिताच्या जिवात जीव आला. तिला वाटलं, संपलं.

काकू उठल्या नाहीत. त्यांनी आधी काकांकडे बघितलं, मग कल्पिताकडे.

“पण मला आठवतंय ना,” त्या म्हणाल्या. “रिमोट उशीखाली होता. थंड होता हाताला. मी दाबला आणि तशीच निघाले. अजून आठवतंय मला.”

“काकू, तसं झालंच नाही.”

“तेच तर विचारतेय गं. झालं नाही, मग मला आठवतंय कसं?”

बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

“चहा तुम्हीच करा,” काकू काकांना म्हणाल्या.

काकांनी चहा केला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, आत पाऊल न टाकता. कप भरून झाले, गॅस बंद झाला, तरी त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी वळून कल्पिताला हाक मारली.

“तू बघ गं एकदा. बंद झालाय ना नीट? तू सांगितलंस म्हणजे मला बरं वाटेल.”

कल्पिता उठली. आत गेली, शेगडीच्या बटणाला बोट लावलं.

“बंद आहे, काकू,” ती म्हणाली. आणि पाठमोरीच उभी राहिली.